हत्ता आणि हिशेब
हत्ता म्हणजे दुबईचंच गाव, पण दूर हजर डोंगरांत. धरणाच्या हिरव्या पाण्यात कयाक चालवायला म्हणून आम्ही आठजणी शनिवार-रविवार गेलो आणि रात्री अंगणात पासबुकं घेऊन बसलो. (चिवडा होताच.) एकीने विचारलं, “आपले हे अचानक गेले तर इथली बँक खातं गोठवते, ठाऊक आहे?” तिच्या वहिनीवर ती वेळ आली होती. कुणी बोलेना. मी शाळेत गणित शिकवलेली. पण परदेशी आल्यावर नाशिकचं माझं पगाराचं खातं एनआरओ करायला हवं होतं, हे तिथे कळलं. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त, एनआरओचं नाही, हेही. परतताना ह्यांना फोन केला, “सगळे पासवर्ड हवेत.” आधी हसले, मग म्हणाले, “घरी ये, लिहून देतो.” अजून दोनच मिळालेत.