टाकीचं झाकण

जूनमध्ये शाळा उघडायला दोन दिवस होते. बोईसरच्या पंपावर रांगेत गाडी लावली आणि सीटखालची कळ ओढली, पण मागचं झाकण उघडलं नाही. पंपावरच्या मुलाने आधी नखाने उचलून पाहिलं, मग जरा जोर लावला. ‘टक्’ असा आवाज झाला आणि झाकण त्याच्या हातातच आलं. बिचारा घाबरला. मी म्हटलं, तुझी चूक नाही बेटा, गाडीच म्हातारी झालीय. पेट्रोल भरून त्याने आतलं टोपण फिरवून लावलं आणि ते झाकण माझ्याकडे दिलं. मी ते पर्सच्या बाजूला सीटवर ठेवलं आणि घरी आले.

आमची वॅगन आर 2009 सालची. नंबर अजूनही एम.एच. 04, कारण तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. जिल्हा वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी. अब्बा तारापूर एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी ही गाडी घेतली. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा दुबईहून भाईजानचा फोन आला, “आता विकून टाका, किती दिवस ओढणार?” मी मात्र नोंदणीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून आणलं. चिंचणीहून शाळेत जायला मला गाडी लागते हे खरं. पण अब्बांच्या हातची शेवटची मोठी वस्तू घरातून जाऊ द्यायची नव्हती, हेही तितकंच खरं.

अब्बांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि हाताला कंप. तरी त्यांनी झाकण हातात घेतलं, बिजागरीच्या तुटलेल्या भागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “खीळ गंजून फुगलीय. फिरायची बंद झाली म्हणून कान तुटला. बसवून घे लवकर, पावसाळा आहे.” मी हो म्हटलं आणि त्या चौकोनी भगदाडावर चिकटपट्टी लावली. मला वाटलं, आतलं टोपण तर घट्ट आहे, बाहेरचा पत्रा काय, शोभेचाच. शाळा सुरू झाली, वेळापत्रक आलं, नवीन मुलांची नावं पाठ करायची होती. चिकटपट्टी दुसऱ्या पावसातच निघाली.

जुलैत अब्बांच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती, पालघरला. सकाळी धो धो पाऊस. उमरोळीच्या अलीकडे गाडी आचके द्यायला लागली आणि बंद पडली. मग सुरूच होईना. अब्बा माझ्या छत्रीखाली रस्त्याच्या कडेला चाळीस मिनिटं उभे होते. मी किती वेळा म्हटलं आत बसा, पण ट्रक मागून येऊन धडकेल या भीतीने ते बसले नाहीत. रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत आमचा नंबर गेला होता. पुढची तारीख मिळाली अकरा दिवसांनंतरची. त्या सगळ्या वेळात ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ओळखीच्या मिस्त्रीने टाकीतून थोडं पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत काढून दाखवलं. बाटली जरा वेळ स्थिर ठेवली तर तळाशी वेगळा थर दिसला, मध्ये स्वच्छ रेघ. “मॅडम, इंजिन खालचं ओढतं आणि खाली पाणी आहे.” हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल थोडं पाणी आपल्यात सामावून घेतं. पण पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते पाण्याबरोबर पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. पाणी आत गेलं कसं, ते अब्बांनी घरी बसून सांगितलं. टोपणाभोवती जी खोलगट वाटी असते तिच्या तळाला एक बारीक भोक असतं, शिंतोडे त्यातून खाली निघून जावेत म्हणून. आमचं भोक चिखलाने बुजलं होतं. वर झाकण नाही, म्हणून वाटीत पाणी साचत राहिलं आणि टोपणाची रबरी चकती सोळा वर्षांची, तडे गेलेली. म्हणजे मी ज्याला शोभेचा पत्रा समजत होते तोच पावसाला अडवत होता.

टाकी साफ झाल्यावर मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथला माणूस म्हणाला, “जुनंच झाकण वेल्डिंगने टाचून देतो, दहा मिनिटांचं काम.” मी फोनवर अब्बांना सांगितलं. पलीकडून आवाज एवढा चढला की गॅरेजवाल्यालाही ऐकू गेला असेल: “गाडी तिथून काढ! आत्ता!” पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. आणि टाकी रिकामी असली की धोका कमी, हा तर चक्क गैरसमज. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा एकत्र असतात, तेच मिश्रण भडकतं. कारखान्यात टाक्यांजवळ काम करताना अब्बा ड्रिलसुद्धा चालवू देत नसत.

मग ठरलं, घरीच करायचं. हात माझे आणि डोकं अब्बांचं.

तुटलेला कान जोडण्यासारखा नव्हता, तेव्हा आधी झाकण शोधणं आलं. रविवारी डहाणूहून येणारी लोकल पकडून दादरला उतरले आणि तिथून कुर्ल्याला गेले. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत; दरवाजे, बंपर, दिवे यांच्या राशी. चौथ्या दुकानात आमच्या मॉडेलचं झाकण मिळालं, बिजागरीसकट, पण पांढरं. आमची गाडी चंदेरी. दुकानदार म्हणाला, “बाजी, रंग बघाल तर महिनाभर याल.” घेतलं.

गंजलेल्या खिळीवर दोन दिवस गंज सोडवणारं तेल टाकत राहिले. तिसऱ्या दिवशी असरनंतर अंगणात गाडी उभी केली, इंजिन पूर्ण थंड. अब्बा खुर्चीवर बाजूला. आधी बॅटरीची तार काढायला लावली. मग पितळेचा तुकडा आणि छोटी हातोडी; पितळेची ठिणगी उडत नाही म्हणून. टिचकी मारल्यासारखे ठोके द्यायचे होते, मी मात्र खिळा ठोकल्यासारखे देत होते. “तू वर्गात फळ्यावर खडू असाच आपटतेस का?” अम्मी ओट्यावरून हसली. अर्ध्या तासाने खीळ सरकली. तपकिरी भुकटी बोटांना लागली. आमचं घर समुद्रापासून फार लांब नाही. हवेतला खार पत्र्यावर बसतो, ओल धरून ठेवतो आणि लोखंड कधी नीट सुकतच नाही. चिंचणी-तारापूरला खिडकीचे गज कसे सोलतात, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

नवी खीळ कुठून आणायची? अब्बांनी सायकलच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलचा एक आरा मागवला. त्याचा तुकडा कापून, ग्रीस लावून आत घातला आणि दोन्ही टोकं पकडीने वाकवली. टोपणाला नवी रबरी चकती बसवली. बुजलेलं भोक मी हिराच्या काडीने मोकळं केलं. अब्बांनी पेलाभर पाणी मागितलं. टोपण घट्ट आहे का ते स्वतः हाताने दोनदा तपासलं आणि मला वाटीत पाणी ओतायला सांगितलं. ते चाकाजवळून जमिनीवर पडलं. त्यांना ते दिसलं नसावं, पण आवाज ऐकू आला. “हं,” एवढंच म्हणाले. झाकण एका बाजूने जरा वर राहत होतं; त्यांनी थरथरत्या बोटांनी कडेवरून चाचपून सांगितलं, कुठे आणि किती दाबायचं. मग कळ ओढायला लावली. टक्. बंद. पुन्हा टक्. सात-आठ वेळा तरी.

ऑपरेशन नव्या तारखेला झालं. परतताना बोईसरच्या त्याच पंपावर थांबलो. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले अब्बा पुढच्या सीटवर. तोच मुलगा होता. पांढरं झाकण बघून म्हणाला, “मॅडम, रंग नाही दिला?” मी काही बोलायच्या आत अब्बांनी काच खाली केली.

“रंगाचं राहू दे. टोपण तीनदा कट कट वाजेपर्यंत फिरव.”

“हो चाचा,” तो म्हणाला आणि त्याने मोठ्याने मोजलं.