मामांच्या मानेतली नीळ

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या म्हणीवरून आमच्या मामांची जन्मभर थट्टा झाली. म्हणीतले पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंद्याकडचे; मामांचे परभणीजवळचे. पण हे ऐकून कोण घेतो! जिभेच्या उजव्या कडेला चट्टा उठला तेव्हा मात्र त्यांनी चार महिने ती म्हण खरी करून दाखविली. खिशात तंबाखूची डबी आणि तोंडात ‘दात लागला असंल’ हे उत्तर. अखेर तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, आणि मी त्यांना मुंबईला आणले.

जिभेवरचा रोग लहान होता. प्रश्न होता मानेचा. जिभेतली लस बारीक वाहिन्यांतून मानेतल्या गाठींत उतरते, आणि रोगही त्याच वाटेने जातो. हाताला गाठ लागत नाही म्हणून थांबावे, की त्या आधीच काढून टाकाव्यात? टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. २०१५ साली त्यांनी ५०० रुग्णांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५.

“अन् काढलेल्या गाठींत काही निघालंच नाही तर?” मामांनी विचारले. प्रश्न अडाण्याचा नव्हता. त्याच अभ्यासात आधी गाठी काढलेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या गाठी निर्दोष निघाल्या होत्या! शिवाय खांद्याची एक नस त्या गाठींमधूनच जाते. ती दुखावली की हात वर जात नाही. कापूस पिकविणाऱ्या माणसाला हे परवडायचे कसे?

तेव्हा आमच्या डॉक्टरांनी रंगाची गोष्ट काढली. रोगाभोवती मेथिलीन ब्ल्यू टोचायचे. लसीबरोबर ते वाहत जाते. जी गाठ आधी निळी होईल ती गावची वेस. तेवढीच काढून तपासायची. वेशीवर शत्रू नसेल तर गावातही बहुधा नाही. ‘बहुधा’ हा शब्द ते दोनदा म्हणाले, हे मला आवडले. मानेत नुसता रंग चकवतो, म्हणून जोडीला किरणोत्सर्गी द्रव्य टोचून यंत्राने कानोसाही घेतात. या रीतीने मान वाचविलेल्यांत रोग काही अधिक उलटत नाही, असे फ्रान्समधल्या २०२० सालच्या तुलनेत दिसले आहे.

मामांच्या दोन गाठी निळ्या झाल्या, त्या काढल्या. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी पाहून मीच दचकलो. जन्मभर धोतरांना नीळ घातलेल्या मामी म्हणाल्या, “उतरंल दोन धुण्यांत.”

आठवड्याने अहवाल आला. गाठी स्वच्छ होत्या. तरी दर दोन महिन्यांनी मामा परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने येतात, डॉक्टर मान चाचपतात, आणि तेवढा वेळ मामी भिंतीवरचे कॅलेंडर वाचीत बसतात.