‘साडेबारा’: संख्येचे झालेले नाम

उरणमध्ये ‘साडेबारा’ हे केवळ संख्यावाचक विशेषण नाही. ते नाम आहे. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनींचे संपादन आरंभले. 1984 च्या जासई परिसरातील आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना देण्याची योजना आली. माझ्या वडिलांच्या बोलण्यात खाजण, बांध, मिठागर असे शब्द असत. माझ्या बोलण्यात ‘साडेबारा’ उरला. बांधाच्या प्रत्येक भागाला ते वेगळे नाव देत. मी ती नावे वेळेवर विचारली नाहीत. आपल्या गावाचा विकास आराखडा येण्यापूर्वी तेथील जमिनीचे शब्द आपण वडीलधाऱ्यांकडून टिपून घ्यावेत. काय राखायचे, हे सांगण्यासाठी ते लागतील.