उतरायचं की बोटीवरच थांबायचं?

मैत्रिणींनो, प्रवासाला निघताना आपल्या डोक्यात काय काय असतं? दूधवाल्याला सांगितलं का, गॅसचा नॉब बंद केला का, तुळशीला पाणी कोण घालणार! या सगळ्याची यादी करून मी फ्रीजवर चिकटवली होती. पण ज्या प्रश्नानं सहलीतला माझा एक अख्खा दिवस खाल्ला, तो त्या यादीत नव्हताच. प्रश्न अगदी साधा होता : बोट बंदराला लागली की उतरायचं, की बोटीवरच थांबायचं?

नाताळच्या सुट्टीत आम्ही क्रूझवर गेलो होतो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून निघायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याचं मुरगाव बंदर, मग एक दिवस नुसता समुद्र, चौथ्या दिवशी कोची, पुन्हा एक दिवस समुद्र आणि सहाव्या दिवशी सकाळी मुंबई. पाच रात्री मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नव्हते. खरं सांगते, बोटीवरच्या नाचगाण्यापेक्षा मला त्याचंच अप्रूप जास्त होतं!

आता ज्या मैत्रिणी अजून अशा सहलीला गेल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते. बंदराच्या दिवशी बोट सकाळी धक्क्याला लागते आणि दुपारी किंवा संध्याकाळी सुटते. मधल्या वेळात उतरलंच पाहिजे असं बंधन नसतं. बोटवाले स्वतःच्या सहली काढतात, त्यांचे पैसे वेगळे. आपली आपण टॅक्सी करूनही जाता येतं. आणि कुठंच गेलं नाही तरी बोटीवर जेवण-खाण चालू असतं, खोली आपलीच असते. म्हणजे तिन्ही वाटा मोकळ्या. आणि माणसाची पंचाईत होते ती वाटा मोकळ्या असल्या म्हणजेच!

मुरगावच्या दिवशी मात्र आमच्या घरात पंचाईत झालीच नाही. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. आदल्या रात्री जेवताना हे म्हणाले, "मुलांना समुद्रावर नेतो. आईचे गुडघे काही तिला चालू द्यायचे नाहीत, ती थांबेल." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू आहेसच तिच्यासोबत." झालं! ठरलं! मी मान हलवली. सासूबाई ताटातला भात कालवत होत्या. त्याही काही बोलल्या नाहीत.

सकाळी बोट हां हां म्हणता रिकामी झाली. आदल्या दिवशी जिथं खुर्ची मिळत नव्हती तिथं आम्ही दोघीच. पोहण्याच्या तलावात पाण्याशिवाय कोणी नाही. खरं तर किती छान दिवस होता! पण माझं मन धुमसत होतं. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, इतिहास आणि मराठी. पोर्तुगीज आले, गोवा घेतला, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. जुन्या गोव्यातली ती मोठमोठी चर्चेस टॅक्सीनं तासाभराच्या अंतरावर होती, आणि मी मासिकाची पानं उलटत बसले होते. सासूबाईंना चहा आणून दिला, औषध दिलं, शाल दिली. सगळं केलं, पण कपाळावरची आठी काही गेली नाही. सेवेतही एक आदळआपट असते, नाही का? भांडी न वाजवता केलेली!

संध्याकाळी हे आणि मुलं वाळूनं भरलेले पाय घेऊन परतले. बोट सुटली. कठड्याशी उभं राहून सासूबाईंनी किनाऱ्याकडे बघत हात जोडले. मी विचारलं, "कुणाला हो नमस्कार?"

"शांतादुर्गेला," त्या म्हणाल्या. "कवळं इथून जवळच ना? लग्नानंतर ओटी भरायला आले होते, त्यानंतर येणंच झालं नाही."

मैत्रिणींनो, माझ्या पोटात खड्डाच पडला. कवळ्याची शांतादुर्गा ही आमची कुलदेवी. फोंड्याजवळ तिचं देऊळ. मुरगावहून टॅक्सीनं तासाभराची वाट. टॅक्सीत बसायला गुडघे लागतात थोडेच! आणि परतीच्या वाटेवर जुनं गोवंही मला ओझरतं बघता आलं असतं.

"आई, मग सकाळी बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला जरा मुलांपासून सुट्टी हवी असेल. एकदाची बसली आहे निवांत, तर कशाला तिला देवळात ओढा. आणि खरं सांगू? मला कोणी विचारलंच नाही गो."

म्हणजे बघा! मी त्यांच्यासाठी थांबले आणि त्या माझ्यासाठी थांबल्या. दोघींनी एकमेकींवर उपकार केले आणि दोघींचा दिवस फुकट गेला. यांना दोष द्यायला मी टपलेलीच होते. पण रात्री झोप येईना तेव्हा हिशेब मांडला. यांनी विचारलं नाही हे खरं, पण मी तरी कुठं विचारलं? "आई थकल्यात", "आईंना झेपणार नाही" हे मी वर्षभर घरात म्हणतच असते की! गुडघे त्यांचे, आणि त्यांचा निकाल आम्ही लावून मोकळे.

दुसरा दिवस नुसत्या समुद्राचा. दुपारी सगळ्यांना केबिनमध्ये गोळा केलं, कोचीचा कागद पुढे ठेवला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं एकेकाला विचारलं. "तुला उद्या काय हवंय? दुसऱ्याचं सांगायचं नाही, स्वतःचं सांगायचं." मुलांना पोहायचं होतं, त्यांना कोचीशी कर्तव्य नव्हतं. यांना, आश्चर्य म्हणजे, नुसतं झोपायचं होतं! मुरगावला उन्हात मुलांच्या मागं धावून जीव मेटाकुटीला आला होता.

"आई, तुम्हाला? टॅक्सी करू. तुम्ही म्हणाल तिथं जाऊ."

सासूबाई हसल्या. "मला बोटीवर बसायचंय. उगीच म्हणत नाही, खरंच." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी लग्नानंतरच्या बारा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं माहेर मालवणचं. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीनं गावी जात. 1967 साली त्या दहा वर्षांच्या होत्या. मालवणला बोट लांब समुद्रातच उभी राही. मग किनाऱ्यावरून छोट्या होड्या येत आणि हलत्या बोटीतून हलत्या होडीत उतरायचं. आईच्या कडेवर सहा महिन्यांचा भाऊ होता. खालच्या तांडेलानं हात वर केले आणि आईनं बाळ सोडलं त्याच्या हातात. "मधल्या त्या क्षणाला बाळ कोणाच्याच हातात नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "बोट म्हटली की मला तेवढंच आठवायचं. उतरायची भीती. आता आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर आहे आणि उतरायचं नाही. मला ते सुख घेऊ दे. आणि तू जा. मी काय ल्हान पोर आसंय?"

तर मैत्रिणींनो, कोचीला मी उतरले. एकटी! सदतिसाव्या वर्षी, अनोळखी गावात, भाषा येत नसताना. शिडी उतरताना दोनदा मागं वळून बघितलं. मुलगी वरून हात हलवत होती. तिच्या केसांना वेणी कोण घालणार, हा विचार आला आणि तो मी तिथंच धक्क्यावर ठेवला.

कोचीचं बंदर विलिंग्डन बेटावर आहे. तिथून रिक्षानं पूल ओलांडून फोर्ट कोचीला गेले. रिक्षावाल्यानं वाटेत मसाल्याच्या दुकानात नेण्याचा आग्रह धरला. मी शाळेतला आवाज काढून "नाही" म्हटलं. किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चिनी जाळी पाहिली. एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठाले धोंडे, आणि चार-पाच गडी मिळून ते धूड वर-खाली करतात. तिथून चालत सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा 1498 साली कालिकतजवळ उतरला हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल! तोच गामा तिसऱ्या खेपेला आला आणि 1524 च्या डिसेंबरात कोचीला वारला. याच चर्चमध्ये त्याला पुरलं होतं. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, पण त्या जागेवरचा दगड अजून आहे. साधा कठडा, आत दगड. मी तिथं पंधरा मिनिटं उभी होते. कोणी "चला" म्हणालं नाही, कोणाला तहान लागली नाही. फक्त पंधरा मिनिटं, पण ती माझी होती.

बोटीवर परतायची वेळ दोनची. मी साडेबारालाच हजर! सासूबाई कठड्याशी त्याच खुर्चीत. तीन चहा झाले होते, शेजारच्या एका गुजराती बाईंशी गट्टी जमली होती आणि नातीची वेणी वाकडी का होईना पण घातलेली होती, तीही यांनी. "भेटलो तुझो गामा?" सासूबाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि माझ्या कपाळाकडे बघत होत्या. आठी आहे का, ते बघत असाव्यात!

आता अनुभवाचे चार शब्द. बोटीची सहल घेतली तर यायला उशीर झाला तरी बोट थांबते. आपण स्वतः गेलो तर थांबत नाही. म्हणून घड्याळाच्या पुढे निदान तासभर राहा. केबिनमध्ये रोज कार्यक्रमाचा कागद येतो. त्यावर परतायची वेळ आणि बहुधा बंदरातल्या एजंटाचा फोन असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. बोटीचं कार्ड आणि ओळखपत्र पर्समध्ये नव्हे, अंगावर. काय बघायचंय ते त्या वारी उघडं असतं का, ते आधी पाहा. कोचीचा मट्टनचेरी राजवाडा शुक्रवारी बंद, तर ज्यूंचं प्रार्थनामंदिर शनिवारी. बोट समुद्रातच उभी राहून छोट्या होडीनं नेणार असेल, तर गुडघेदुखीवाल्यांनी आधी चौकशी करावी. आणि थांबायचं ठरवलं तर मनापासून थांबा. रिकाम्या बोटीसारखी विश्रांती नाही. पण धुसफुसत थांबलात तर ना किनारा, ना बोट.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर नसते : घरातल्या प्रत्येकाला विचारा. म्हाताऱ्या माणसाला तर आधी विचारा. आणि कोणी विचारायची वाट न बघता आपलंही सांगा.

मुंबईला उतरल्यावर आठवड्याच्या आत मी मडगावची रेल्वेची तिकिटं काढली. सासूबाईंची आणि माझी, दोघींचीच. कवळ्याला ओटी भरायची आणि जाता जाता जुनं गोवं. तिकिटं दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "खणाचा रंग मी निवडणार हां!"

विचारलं म्हणून कळलं. मी हिरवा आणणार होते, त्यांना लाल हवा होता.