गणवेश आपला, पैसा आपला

जयंती जवळ आली की वस्त्यावस्त्यांतल्या तरुण मंडळांत एकच प्रश्न निघतो : यंदा टी-शर्ट कोण देणार? हा 'कोण देणार'च आम्हाला खटकतो. देणारा फुकट देत नाही. छातीवर बाबासाहेब आणि पाठीवर त्याचा स्वतःचा फोटो. मिरवणूक आपली, जाहिरात त्याची. निवडणूक आली की त्याच टी-शर्टची आठवण करून दिली जाते. म्हणून आमच्या मंडळाने ठरवले की गणवेश साधा असला तरी चालेल, पण तो आपल्याच वर्गणीतून होईल.

आता वर्गणी ती किती असणार? आमच्यात कोणी नाक्यावर उभा राहतो, कोणी डिलिव्हरी करतो, कोणी अजून शिकतो. जो खर्च सगळ्यात गरीब सभासदाला झेपत नाही, तो समतेचे नाव घेणाऱ्या मंडळाने करू नये. पैशाअभावी एक जरी पोरगा किंवा पोरगी रांगेबाहेर राहिली, तर गणवेश कशासाठी?

आम्ही काय केले ते सांगतो. 'अमुकावी जयंती' छापलेला टी-शर्ट पुढच्या वर्षी बाद होतो, म्हणून छपाई बंद केली. कोरा पांढरा शर्ट घेतला. तो कॉलेजला आणि कामावरही चालतो. पँट ज्याची त्याची, फक्त गडद रंगाची. ओळख निळ्या रुमालाची. कापडाचा तागा एकदम घेतला आणि रुमाल वस्तीतल्याच शिलाई मशीनवाल्या ताईंकडून शिवून घेतले. त्यांची मजुरी मात्र पूर्ण दिली. आपल्याच माणसाच्या घामात काटकसर करायची नसते. वाढत्या पोरांच्या शर्टांना आत दाब ठेवायला लावला. बॅनर फ्लेक्सचा न करता कापडावर रंगवला, त्यावर साल टाकले नाही. दोरी, शिट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी शेजारच्या वस्तीच्या मंडळाबरोबर वाटून वापरतो. पै न् पैची नोंद वहीत आहे आणि ती कोणीही बघावी.

लहान झालेले शर्ट मंडळाकडे जमा करून धाकट्यांना द्यायचे ठरले, तेव्हा वस्तीतले एक आजोबा भडकले. "आमचा जन्म लोकांच्या उतरलेल्या कपड्यांत गेला. तुम्ही पुन्हा तेच करता?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत असा नियम आहे. आपल्याकडे कपडा हा नुसता कपडा कधीच नव्हता, ती जातीची खूण होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की पेहराव स्पृश्य स्त्रियांसारखा करा, ठिगळ असले तरी हरकत नाही, पण वस्त्र स्वच्छ असू द्या.

म्हणजे लाज ठिगळाची नाही, लाचारीची आहे. मालकाने अंगावर फेकलेला सदरा ही उतरण. आपल्या वर्गणीतून घेतलेला, धुऊन, इस्त्री करून, वहीत नोंदवून धाकट्या भावंडाच्या हाती दिलेला शर्ट ही आपली सामाईक मालमत्ता. एक देणाऱ्याची मान उंच करतो आणि घेणाऱ्याची खाली. दुसऱ्यात दोघांचीही मान ताठ राहते. आमच्या मते फुकटचा नवा कोरा टी-शर्टच खरी उतरण आहे. आजोबांना हे सांगितले. ते लगेच पटले म्हणाले नाहीत, पण शर्ट वाटताना येऊन बसले आणि प्रत्येकाची बटणे तपासून दिली.

वाचलेल्या पैशांतून आम्ही अभ्यासिकेसाठी स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेतली. ती वर्षभर हातात राहतात.

मित्रांनो, तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत 'कोण देणार' असे कोणी विचारले, तर उत्तर द्या : आपणच. आणि लगेच वही उघडा.

जय भीम!