उसाच्या सरीतला बी-२७५

रो-क्रॉप ट्रॅक्टरची पारख अश्वशक्तीवरून होत नाही. पिकाच्या ओळी सोडून चाकं किती नेमकी चालतात आणि पोटाखालून पीक किती सुखरूप निघतं, यावर त्याचं मोल ठरतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९२४ साली अमेरिकेत फार्मॉल आणला तो याच विचाराने: नांगरट आणि उभ्या पिकातली कोळपणी एकाच यंत्राने व्हावी. त्याच कंपनीचा ब्रिटनमधला बी-२७५ पुढे महिंद्राच्या भागीदारीतून भारतात बनू लागला. त्यासाठीची कंपनी १९६३ साली निघाली. तो काटेकोर अर्थाने रो-क्रॉप नव्हे, पण चाकांमधलं अंतर बदलता येत असल्याने ते काम चोख करतो. सुमारे ३५ अश्वशक्तीचं चार सिलिंडरी डिझेल इंजिन, पुढचे आठ आणि मागचे दोन गिअर, एवढा त्याचा संसार.

कोल्हापुरात सगळा हिशेब उसाचा. जुनी लागण तीन फुटी सरीची. ट्रॅक्टरची मागची चाकं चार फुटांपेक्षा फारशी जवळ येत नाहीत, त्यामुळे एकच ओळ पोटाखाली घेणं तिथे जमत नाही. साडेचार फुटी सरीत मात्र मेळ बसतो: ऊस मधे, चाकं दोन्ही बाजूंच्या वरंब्यांवर. ऊस आडवा येण्याइतका वाढला की आत शिरू नये; पोटाला घासून पोंगे मोडतात. म्हणून भरणी वेळेत उरकलेली बरी.

अंतर बदलण्याची रीत साधी, पण काळजी मागते. मागच्या चाकाची तबकडी खोलगट असते. ती आतून बाहेर फिरवली किंवा रिमची जागा बदलली की चाक आत-बाहेर सरकतं. तबकडी उलटताना डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यावंच लागतं, नाहीतर टायरच्या नक्षीची दिशा उलटी होते आणि पकड जाते. वरून पाहताना नक्षीचं टोक पुढे हवं. पुढचा आस नळीत सरकणारा. भोकं जुळवून बोल्ट घातल्यावर चाकांचा टो-इन पुन्हा तपासावा, हे अनेकजण विसरतात आणि टायर एका बाजूने झिजतात.

पंचगंगेकाठच्या काळ्या रानात एक चाक गरगरू लागलं की डिफरन्शियल लॉक कामी येतो. दोन्ही चाकं मग एकत्र फिरतात. तो दाबलेला असताना वळण घेऊ नये. बांधावर वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा. आतल्या चाकाचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. पण उसाच्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागण्याआधी दोन्ही पेडल कडीने जोडलीच पाहिजेत. एकच ब्रेक लागला तर भरधाव ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जाऊन उलटतो.