मदिनेतले रेल्वे स्टेशन

उमऱ्याला निघताना नातेवाईक, शेजाऱ्यांकडे जाऊन ‘कहा-सुना माफ’ करून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. गेल्या हिवाळ्यात मीही मूर्तिजापुरात घरोघरी फिरले. दूधवाल्यालासुद्धा म्हटले, काही चुकले असेल तर माफ करा. एकच घर सोडले. अचलपूरला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचे. अब्बांच्या शेताच्या वाट्यावरून आमचे बोलणे बंद होऊन सहा वर्षे झाली होती. शेत आम्हीच वाहत होतो.

मदिनेत तिसऱ्या दिवशी फजरच्या नमाजनंतर मी मस्जिदे नबवीच्या आवारात बसून शेतावरच्या गड्याशी फोनवर बोलत होते. “वेचनी झाली का रे? भाव काय निंगाला?” फोन ठेवला तर शेजारची बाई माझ्याकडे बघून हसत होती.

“काहो बाई, कोठच्या व्हय तुम्ही?”

मूर्तिजापूर म्हणताच तिने माझा हात धरला. “अन् मी अचलपूरची! तुमचं आहे का कोनी तिकडे?”

“नाही,” मी म्हटले. मस्जिदे नबवीच्या आवारात बसून.

ती वयाने मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणू लागले. त्या दिवशी दोघींच्याही काफिल्यांना मोकळीक होती, पुरुष मंडळी आराम करत होती. आम्ही टॅक्सी केली. हिजरतनंतर, इ.स. ६२२ मध्ये, पैगंबरांनी (स.) पाया घातलेल्या कुबा मस्जिदीत दोन रकात पढलो. उहुदच्या पायथ्याशी हजरत हमजा (र.) आणि तिथल्या शहीदांना सलाम केला. जिथे किब्ला बैतुल मुकद्दसकडून काबागृहाकडे वळला, ती मस्जिदे किब्लतैन पाहिली. आपा वाटेत अचलपूरच्या गोष्टी सांगत होती. प्रत्येक मोहल्ल्याचे नाव निघाले की माझा जीव दचकत होता.

असरनंतर आपा म्हणाली, “मुलानं सांगितलं, इथं जुनं रेल्वे स्टेशन आहे, पाहून ये.” ते हिजाज रेल्वेचे दगडी स्टेशन. आता तिथे संग्रहालय आहे. उस्मानी सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी १९०० मध्ये काम सुरू केले आणि १९०८ मध्ये दमास्कसहून गाडी मदिनेत पोहोचली. सुमारे १३०० किलोमीटरचा मार्ग. हिंदुस्थानातल्या मुसलमानांनीही त्यासाठी वर्गणी पाठवली होती. पहिल्या महायुद्धात ठिकठिकाणी रूळ उखडले गेले आणि मदिनेपर्यंतची गाडी पुन्हा नीट सुरू झालीच नाही.

जुने इंजिन पाहून आपा उद्गारली, “अवो, ही तं आपली शकुंतला!”

मूर्तिजापूर ते अचलपूर, पाऊणशे किलोमीटरची ती छोट्या रुळांची गाडी. वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात बांधलेली. दर्यापूर, अंजनगाव करत रमतगमत जायची. ताईचे लग्न झाल्यावर दर उन्हाळ्यात मी तिच्यातूनच अचलपूरला जायचे. गाडी कितीही उशिरा पोहोचो, ताई स्टेशनवर उभी असायची.

“आता गाडी बंद,” आपा म्हणाली. “रूळ मात्र तसेच पडून आहेत.”

मला राहवले नाही. “आपा, सकाळी मी खोटं बोलले. माझी सख्खी बहीण आहे अचलपुरात.” मग सगळे सांगितले. ज्या शेतातल्या वेचणीची मी चौकशी करत होते, त्यात तिचा वाटा होता, हेही.

आपाने उपदेश केला नाही. “फोन लावा,” एवढेच म्हणाली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

ताईने फोन उचलला. मी सलाम केला आणि पुढे बोलताच येईना. बऱ्याच वेळाने तिकडून आवाज आला, “वहाँ ठंड है क्या? स्वेटर लेके गई क्या तू?”

परत आल्यावर आठवड्याभरात मी बसने अचलपूरला गेले. सोबत खजूर, जमजम आणि त्या वर्षीच्या कापसातले तिच्या वाट्याचे पैसे होते. मागच्या सहा वर्षांचा हिशेब अजून बाकी आहे, सात-बारावर तिचे नावही चढवायचे आहे. माफी मागण्याचे काम मी निघण्याआधी उरकले होते असे मला वाटत होते. खरे तर ते तिथून परतल्यावर सुरू झाले.